चंद्रकोरीचंच द्या

३ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

आधी बसून घ्या, मगच पुढे वाचा. तुमच्या धाकट्या भावाला नवीन रिव्हॉल्व्हर मिळालंय आणि तेही तुमच्या कारखान्यातलं! बँकेने सगळ्या रखवालदारांची जुनी हत्यारं जमा करून घेतली. बरंच झालं म्हणायचं. ह्यांच्या जुन्याची मूठ दोरा गुंडाळून बांधलेली होती, चोराने पाहिली असती तर हसून हसूनच पळाला असता.

नव्या मालाची पेटी उघडली तेव्हा हे सगळ्यांच्या पुढे. एकेक उचलायचं, मूठ उलटी करायची, बुडाशी डोळा लावून बघायचं आणि खाली ठेवायचं. मागचे म्हणाले, अहो, भाजी निवडताय का? तेव्हा ह्यांनी छाती फुगवून सांगितलं की माझी ताई तिथे तपासणीच्या बाकावर आहे, तिने तपासून पास केलेल्या नगावर ती बारीकशी चंद्रकोर ठोकते, आणि ती असली की डोळे मिटून घ्यायचं. झालं! सगळे चंद्रकोरीवर तुटून पडले. आमच्या समोरच्या दारातले मिशीवाले तुम्हाला आठवत असतील, ते तर ह्यांना म्हणाले, तू निवडशील ते माझं. शेवटी दुसऱ्या कुणा तपासणाऱ्याची, त्रिकोण ठोकलेली तीन उरली, ती उशिरा आलेल्यांच्या गळ्यात पडली. बिचारे अजून तोंड पाडून फिरतायत.

घरी आल्यापासून कौतुक चाललंय नुसतं. रोज संध्याकाळी गोळ्या काढून डब्यात, रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात आणि किल्ली उशीखाली. माझ्या दागिन्यांची कधी एवढी काळजी केली नाही. एवढंच की आठवड्यात मुठीचा स्क्रू सैल झाला, आणि चामड्याच्या म्यानाला आतून काळा रंग लागलाय. हे म्हणतात, नवीन वस्तू आहे, बसेल हळूहळू.

पुढच्या महिन्यात सगळ्यांचा नेमबाजीचा सराव आहे. ताईचं नाव राखणार म्हणतायत. तुम्हीही जरा भाव खाऊन घ्या.

तुमची चिमणी

१० नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं.

ती चंद्रकोर नीट बघितलीस का? तू स्वतः? बघ आणि मला कळव. स्क्रू सैल झाला तो घट्ट करू नका, तसाच राहू दे. म्यानाला रंग कुठल्या बाजूने लागलाय तेही लिही.

धाकट्याला सांग, गोळ्या काढून, सगळी घरं रिकामी आहेत ना हे दोनदा बघून, घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. अगदी सावकाश, उतू जायला आलेलं पातेलं उतरवताना हात चालतो तसा. गोळ्यांचं चक्र फिरून नळीसमोर येऊन टक्कन बसलं पाहिजे. सहाही घरं तशीच बघायची. जुन्या लोकांची ही पद्धत होती, दुसरं काही नाही, मनाचं समाधान म्हणून सांगते.

सराव नक्की कोणत्या तारखेला आहे? रांगेत माणसं किती जवळ उभी करतात?

आणि एक. उत्तर घरच्या पत्त्यावर नको. पाठीमागे बाजारातल्या माझ्या शिंपिणीचा पत्ता लिहिलाय, तिथे पाठव. कॉलनीत हल्ली पत्रं उशिरा मिळतात. फोनवरही हा विषय काढू नकोस. फोन कारकुनाच्या टेबलावर असतो, लोक उगाच कान देतात.

हे सगळं धाकट्याला वाचून दाखवू नकोस. घोड्याचं तेवढं सांग.

तुझी वन्सं

१६ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

काय हो हे! माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमचं एवढं आखूड पत्र आजवर आलं नव्हतं. ना माझी थट्टा, ना तुमच्या गुडघ्यांची तक्रार. आणि शिंपिणीचा पत्ता! मला वाटलं, ह्या बाईचं प्रेमप्रकरण निघालं की काय या वयात. हसले खरी, पण मग ते हसू टिकलं नाही.

चंद्रकोर आहे. भिंगाने बघितली. टोकं उजवीकडे, एक टोक जरा तुटकं. तुम्ही दिवाणखान्यात बसून आम्हाला दाखवली होती तशीच.

ह्यांना घोड्याचं सांगितलं. ते म्हणाले, ताईला अजून मी शाळेतला वाटतो. मग माझ्यासमोर घोडा फटाफट सहा वेळा ओढून दाखवला, दर वेळी टक्, टक्. म्हटलं, सावकाश करायला सांगितलंय. तर म्हणाले, चोर काय सावकाश येणार आहे?

सराव आठ डिसेंबरला. रांगेत खांद्याला खांदा लावूनच उभे असतात म्हणे, मैदान लहान आहे.

वन्सं, काय झालंय ते सांगा. तुम्ही काही लपवताय आणि तुम्हाला ते जमत नाही.

तुमची चिमणी

२१ नोव्हेंबर

चिमणे,

दार लावून वाच.

ती चंद्रकोर माझी आहे, पण मी ठोकलेली नाही. उन्हाळ्यापासून मी तपासणीच्या बाकावर नाहीच. मला पॅकिंगला टाकलंय. दिवसभर खोक्यांत भुसा भरते. तुम्हाला सांगायची लाज वाटली. धाकटा चारचौघांत माझ्या नावाने मिरवतो, त्याला काय सांगू, ताई भुसा भरते म्हणून?

पूर्वी बाकाजवळ एक लाल टोपली असायची. नापास नग त्यात. नवे साहेब आल्यापासून सुटे भाग ओतीव यायला लागले, स्क्रू तर नखाने झिजतील असे मऊ. पूर्वी चक्र हाताने घासून घासून बसवायचे, आता जे हाताला लागेल ते बसवतात आणि वर पॉलिश मारतात. पॉलिश मात्र असं की तोंड बघून घ्यावं. माझी टोपली दुपारपर्यंत भरायला लागली. साहेब म्हणाले, टोपली समोर दिसली की माणसाला टाकावंसं वाटतं. टोपली उचलून नेली. मग मी नापास नग खाली जमिनीवर ठेवायला लागले, तेव्हा मला उचलून नेलं.

बाकावरून उठलेल्या माणसाचा ठसा, ज्याने खूण ठोकतात तो खिळा, कानशीने घासून टाकायचा, असा आमच्याकडे नियम आहे. माझा घासलाच नाही. गिऱ्हाईकं चंद्रकोर मागतात म्हणून तो ठेवून घेतला. आता माल पॅकिंगला येण्याआधी कुणीतरी एका बैठकीत तपासायच्या राहिलेल्या सगळ्या नगांवर तो ठोकून टाकतं. त्यांची तपासणी नाहीच. माझ्याच हाताने मी ते भुशात घालते. तुमची पेटीही माझ्याच हातून गेली असेल.

धाकट्याने घोडा फटाफट ओढला ना? तसा ओढला की चक्र झोकात पुढे जातं आणि बसतं. सावकाश ओढला की खोड कळते. एखाद्या घराला चक्र केसभर अलीकडेच थांबतं. आणि भीतीने, थंडीने, वयाने माणसाचा हात सावकाशच चालतो गं. तसा बार उडाला की गोळी नळीच्या काठावर आपटते, शिशाचे तुकडे बाजूने उडतात. चालवणारा एखादे वेळी वाचेल. शेजारी उभा असतो त्याच्या तोंडावर जातात.

त्याला त्रिकोणाचं बदलून घ्यायला लाव. त्रिकोणवाला माणूस अजून बाकावर बसतो, चिडका आहे पण तपासल्याशिवाय ठोकत नाही. कारण मात्र सांगू नकोस. धाकटा ऐकून गप्प बसणारा नाही, तो मॅनेजरसमोर माझं नाव घेईल. गेल्या महिन्यात आमच्यातल्या चष्मेवालीने सभेत तोंड उघडलं, तर आठवड्यात तिचं सामान रस्त्यावर होतं, पाऊस पडत होता आणि कुणी छत्रीसुद्धा धरली नाही. मीही नाही धरली. घर कारखान्याचं आहे, आमच्या ह्यांची पॉलिशची नोकरीही तिथलीच, आणि त्यांचा खोकला आता लपत नाही. मला फार भीती वाटते.

तुझी वन्सं

२७ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

मी बघितलं. स्वतः बघितलं.

काल सुट्टीचा दिवस, हे जेवून दुपारी झोपले होते. उशीखालून किल्ली काढली. डबा उघडून गोळ्या मोजल्या, सगळ्या डब्यात होत्या, तरी रिव्हॉल्व्हरची घरं उजेडात धरून परत परत बघितली. वन्सं, मी जन्मात ते हातात घेतलं नव्हतं. केवढं जड असतं हो! नळी भिंतीकडे केली, दोन्ही अंगठे लावले आणि घोडा ओढला. मुद्दाम सावकाश करावं लागलंच नाही. हात एवढे कापत होते की जोरात ओढणं मला जमलंच नसतं.

पहिलं घर बसलं. दुसरं बसलं. तिसऱ्याला टक् आवाजच आला नाही. घोडा पूर्ण मागे आला आणि चक्र आपलं अलीकडेच थांबलेलं. बोटाने जरासं ढकललं, तेव्हा बसलं. पाचव्यालाही तसंच. सगळं होतं तसं ठेवलं आणि मोरीत जाऊन रडले.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, ते त्रिकोणाचं बदलून घ्या ना. कारण विचारलं. काय सांगणार? म्हटलं, मी हात लावून बघितलं, चक्र बसत नाही. तर असे भडकले! हत्याराला हात लावलासच कशाला? मग ताटावरून उठले आणि म्हणाले, सगळ्या बँकेला मी ताईच्या खुणेचं सांगितलं आणि आता मीच त्रिकोण घेऊन फिरू? माझ्या ताईने डोळ्यांत तेल घालून बघितलंय ते, तुला काय कळतं?

ह्यांना माझ्यापेक्षा तुमच्या चंद्रकोरीचा भरवसा जास्त आहे. एरवी मी ह्यावरून तुमच्याशी भांडले असते.

मला सांगू द्या. पाया पडते. आठ तारीख तोंडावर आली. आणि एकट्या ह्यांचं नाही, रांगेत सगळ्यांच्या हातात तेच असणार. हे मिशीवाल्यांच्या शेजारी उभे राहतात, दुसऱ्या बाजूला कॅशच्या गाडीचा ड्रायव्हर. तो तर घाबरट, फटाका वाजला तरी दचकतो. त्याचा हात सावकाशच चालणार.

चिमणी

१ डिसेंबर

चिमणे,

मला दोन-चार दिवस दे. आमचे जुने फोरमन अजून आहेत, देवमाणूस आहेत, त्यांनीच मला काम शिकवलं. त्यांना गाठते. त्यांनी मनावर घेतलं तर तुमची पेटी परत मागवता येईल, कुणाचं नाव न येता. कारखाना म्हणेल, चुकून दुसरा माल गेला. सगळ्यांचीच अब्रू राहील.

तोवर धाकट्याला सांगू नकोस. पण आठ तारखेला त्याला घरातून सोडू नकोस. पोटदुखी, पाहुणे, काहीही कर. तू आजारी पड. तुला नाटकं कमी येतात का, लग्नात मंगलाष्टकं लांबली तर चक्कर आल्याचं सोंग केलं होतंस ते मी विसरले नाही.

बघ, थट्टा करायला बसले तरी नजर दाराकडेच जातेय, घाईत लिहितेय. अक्षर लागतंय ना?

त्याला सोडू नकोस.

तुझी वन्सं

५ डिसेंबर

चिमणे,

फोरमननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरी, चंद्रकोर बघूनच तर माल उचलतात. ती बंद केली तर लोक विचारतील का बंद केली. मी म्हटलं, माझा भाऊ आहे हो त्या रांगेत. तर म्हणाले, मग त्याला त्या दिवशी रजा घ्यायला सांग.

तेच मी तुला लिहिलं होतं, चिमणे. शब्दाला शब्द तेच. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला माझीच शिसारी आली. माझा भाऊ तेवढा घरी ठेवायचा आणि बाकीच्यांचे भाऊ रांगेत.

सांग. धाकट्याला सांग, मिशीवाल्यांना सांग, मॅनेजरला सांग, माझं नाव घेऊन सांग. घर गेलं तर जाऊ दे. एकालाही बार काढू देऊ नका. तारेत हे सगळं मावणार नाही, म्हणून हे पत्र मी स्टेशनवर जाऊन टाकतेय, म्हणजे लवकर पोचेल.

वन्सं

१२ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र नऊ तारखेला आलं.

हे बरे आहेत. ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचवेल.

आठला सकाळी मी आजारी पडले, पण ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि हसले. दाराशी बूट घालत होते तेव्हा माझ्याने राहवेना. तुमचा शब्द मोडला. सगळं सांगितलं, ठसा, भुसा, लाल टोपली. हे तसेच एका पायात बूट घालून बसून राहिले. मग उठून सावकाश घोडा ओढून बघितला. तिसऱ्या घराला थांबले. मी म्हटलं, बाकीच्यांना सांगा हं. मान हलवली आणि गेले.

नाही सांगितलं त्यांनी. जीभच उचलली नाही म्हणतात. सगळे जण मैदानावर चंद्रकोरी दाखवून ह्यांची पाठ थोपटत होते, तुझ्या बहिणीला आमचा नमस्कार कळव म्हणत होते. ह्यांनी मनगट मुरगळल्याचं सांगितलं आणि रांगेतून बाहेर आले. रांग एकाने सरकली. मिशीवाले ह्यांच्या जागेवर आले, ड्रायव्हरच्या शेजारी.

ड्रायव्हरने पहिले दोन बार काढले. तिसऱ्याला मिशीवाले एकदम खाली बसले. कुणाला काही कळेना. हे धावले. मिशीवाल्यांनी चेहऱ्यावर हात धरला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. ड्रायव्हर नुसता उभा, त्याला खरचटलंही नाही.

उजवा डोळा गेला, वन्सं.

हे घरी आल्यापासून बोलत नाहीत. ताट पुढे ठेवलं की हात जोडतात. एकदाच बोलले. ती जागा माझी होती, म्हणाले. मी त्यांना कुशीत घेतलं तर लाकडासारखे बसून राहिले. मला राग येतो हो. कधी ह्यांचा, कधी तुमचा, आणि जास्त माझा, की मी त्या दुपारीच सगळ्या जिन्यात ओरडत का सुटले नाही.

काल दवाखान्यात गेलो होतो. मिशीवाल्यांनी ह्यांचा हात धरला. म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझं रिव्हॉल्व्हर चांगलं निघालं की, माझ्यात कुठे खोट होती? फुटलं ते शेजारच्याचं. त्याने घाईत त्रिकोणाचं उचललं असणार. तुझ्या ताईला लिही, म्हणाले, त्या बिचाऱ्यालाही चंद्रकोरीचंच पाठवायला सांग.

ड्रायव्हरचं रिव्हॉल्व्हर ह्यांनी स्वतः उलटून बघितलंय. चंद्रकोरच आहे. तुटक्या टोकाची.

हे बाहेर निघून आले आणि जिन्यात बसले. मी त्यांच्याऐवजी मिशीवाल्यांना म्हटलं, हो, लिहिते. म्हणून लिहितेय.

चिमणी

१६ डिसेंबर

चिमणे,

तुझं पत्र शिंपिणीच्या दुकानातच उभ्याने वाचलं. तिने पाणी दिलं.

बँकेच्या मॅनेजरना तार केली आहे, सगळी हत्यारं आजच्या आज कुलपात घाला म्हणून. मागोमाग सविस्तर पत्र टाकलं, पोलिसांनाही एक. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. कारखान्यात निषेधाची पाटी घेऊन वगैरे नाही गेले. साहेबांच्या टेबलावर माझा हजेरीचा बिल्ला ठेवला आणि मला माझा ठसा द्या म्हटलं. नाही दिला. दोन दिवसांत घर रिकामं करा म्हणाले.

आमच्या ह्यांना सांगताना घाबरत होते. त्यांनी ऐकलं, खोकले, आणि पलंगाखालून ट्रंक ओढली. म्हणाले, तू भुसा भरत होतीस, मी पॉलिश मारत होतो, एकच काम झालं की. आता ते माझ्या मोठ्या दिरांकडे जातील आणि मी तुमच्याकडे येतेय.

चष्मेवालीलाही शोधून काढलं. ती एका गोदामात राहते. तिच्यासमोर उभी राहिले तर तिने आधी मला आत घेतलं, मग शिव्या दिल्या. तीही साक्ष द्यायला येणार आहे.

मिशीवाल्यांना काही सांगू नका. तूही नको, धाकट्यानेही नको. ते मीच सांगायचं आहे. भीती अजून तेवढीच आहे, चिमणे, कमी झालेली नाही. गाडीत बसल्यावर परत फिरावंसं वाटेल म्हणून तिकीट एकाच बाजूचं काढलंय.

गाडी रविवारी सकाळी पोचते. स्टेशनवर कुणी येऊ नका. मी आधी दवाखान्यात जाईन, त्यांच्याशी बोलेन, आणि मग तुमच्या दारात येऊन उभी राहीन. आत घ्यायचं की नाही ते धाकट्याला ठरवू दे. तोवर त्याला दोन घास खायला लाव.

वन्सं